एकटीच्या पगारात बाळ वाढवायचंय? आधी खाड्याचे पैसे काढा

झबली, टोपरी, दुपटी, पाळणा यावर मी काही लिहिणार नाही. निम्मं बारशाला येतंच, नातेवाइकांना आधीच सांगा झबली नको पाकीट द्या, लाजू नका. फक्त डायपरचे मोठे पॅक सेल लागला म्हणून भरून ठेवू नका, साइज बघता बघता बदलते.

आता कामाचं. बजेट मांडताना आपण भाडं, किराणा, ईएमआय, मावशींचा पगार, डॉक्टर असं लिहितो आणि बेरीज पगारात बसली की खूश. माझंही बसलं होतं, एक्सेलमध्ये रंगबिंग देऊन, आणि मावशी गावच्या जत्रेला गेल्या त्या आठवड्यात सगळं कोसळलं, कारण त्यात खाडा धरलाच नव्हता. मावशींचा खाडा, पाळणाघराची सुट्टी, बाळाचा ताप आणि या तिन्हींमुळे पडणारा तुमचा ऑफिसचा खाडा. घरात दोघं असली की आज तू उद्या मी असं चालतं, इथे रजा टाकणारी पण तुम्हीच आणि त्या दिवसाचा पगार बुडणारी पण तुम्हीच.

हिशोब करून बघा. हातात 60 हजार येत असतील तर दिवसाचे 2 हजार झाले. पाळणाघरात थर्मामीटरनं 100 दाखवला की फोन येतो, "अंग गरम लागतंय हो, घेऊन जा", आणि ताप उतरून एक दिवस गेल्याशिवाय परत घेत नाहीत, ते बरोबरच आहे, बाकीची बाळं असतात. म्हणजे तीन दिवस गेले. रजा शिल्लक नसेल तर 6 हजार तिथेच कापले, पाळणाघराची फी परत मिळत नाही, वर डॉक्टर, औषध, पावसात रिक्षा. आणि पाळणाघरातलं पहिलं वर्ष म्हणजे सर्दी-तापाचंच वर्ष असतं, जुलै-ऑगस्टमध्ये तर विचारू नका.

म्हणून बाळ यायच्या आधी एका महिन्याचा हातात येणारा पगार वेगळ्या खात्यात टाका. एफडीत नाही, साध्या सेव्हिंगला, रात्री अकराला काढता आला पाहिजे. त्याला इमर्जन्सी फंड म्हणू नका, तो वेगळा आणि सहा महिन्यांच्या खर्चाचा. हे खाड्याचे पैसे, दर वर्षी लागणारच आहेत आणि वापरले की परत भरायचे.

नुसते पैसे ठेवून पण भागत नाही, माणूस लागतं. बदली ताई आधीच हेरून ठेवा आणि तुम्ही घरी असताना महिन्यातून एक-दोनदा पैसे देऊन बोलवा. आठ-नऊ महिन्यांचं बाळ अनोळखी माणसाकडे जातच नाही, किंचाळतं, आणि सकाळी साडेआठला नवीन बाईच्या हातात ते देऊन तुम्ही मीटिंगला बसणार? नाही होत ते. हो, मावशींच्या खाड्याचे पैसे कापत बसू नका. त्या सोडून गेल्या तर नवीन बघेपर्यंत जे बुडेल त्यापुढे ते काहीच नाही.

तिसरं, रजा. कायद्यानं पहिल्या दोन मुलांना 26 आठवडे पगारी मिळतात, त्यातले जास्तीत जास्त 8 बाळंतपणाआधी घेता येतात. सगळ्या बायका त्याला जोडून उरलेल्या पीएल, म्हणजे हक्काच्या पगारी रजा, पण संपवतात, बाळाला सोडवत नाही म्हणून, कळतं मला. तरी करू नका. आठ-दहा रजा हातच्या राखा, त्याच तुमचे खाडे आहेत. आणि 50 किंवा जास्त माणसं असलेल्या ऑफिसला पाळणाघराची सोय द्यावी लागते, तेव्हा एचआरला तोंडी नाही, मेलवर विचारा.

पाळणाघर नक्की करताना फी सगळे विचारतात, तुम्ही सुट्ट्यांची यादी मागा. दिवाळीत किती दिवस बंद, उशीर झाला तर तासाला किती, डिपॉझिट परत मिळतं का. रुजू व्हायच्या आधी दोन आठवडे थोडा थोडा वेळ सोडून सवय करावी लागते, म्हणजे तुम्ही घरी असतानाच फी सुरू होते, ती धरा.

भाडं. पुण्यात असाल तर घर ऑफिसजवळ नको, पाळणाघराजवळ घ्या. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकून सात वाजून गेले की लेट फी चालू, आणि तुमचं बाळ एकटंच, चपला ठेवतात तिथे, ताईंच्या कडेवर. ऍग्रीमेंट 11 महिन्यांचं असतं, पुढच्या वेळी भाडं वाढणार, मध्येच घर बदललं तर ब्रोकरेज, टेम्पो आणि परत नवीन पाळणाघर. हे पण बजेटमध्ये.

लसी. सरकारी दवाखान्यात, महापालिकेच्याही, बीसीजी, पोलिओ, पेंटाव्हॅलंट, रोटा, न्यूमोकोकल, गोवर-रुबेला फुकट आहेत आणि चांगल्या आहेत. फ्लू, टायफॉइड, कांजिण्या, हेपॅटायटिस ए खासगीत, तेवढ्याचेच पैसे काढा. लसीनंतर ताप येऊ शकतो, म्हणून शुक्रवार-शनिवार धरा. मंगळवारी लस दिली की बुधवारी खाडा, मग म्हणू नका सांगितलं नाही.

मेडिक्लेम आत्ताच बघा, प्रेग्नन्सी राहिल्यावर घेतला तर मॅटर्निटीचा वेटिंग पिरियड बाळंतपणापर्यंत संपतच नाही. ऑफिसच्या पॉलिसीत बाळाचं नाव घालायला मुदत असते, तारीख विचारून मोबाइलवर रिमाइंडर लावा. टर्म इन्शुरन्स हवाच, आणि नॉमिनी म्हणून बाळ टाकलंत तर सोबत अपॉइंटी म्हणून, म्हणजे बाळाच्या वतीनं पैसे घ्यायला, मोठं माणूस लागतं. फॉर्ममधली ती जागा रिकामी सोडू नका.

कागद: जन्माची नोंद 21 दिवसांत. लग्न झालेलं नसेल तर वडिलांचं नाव सांगायची सक्ती नाही, सुप्रीम कोर्टानं 2015 मध्येच म्हटलंय की अविवाहित आईला प्रतिज्ञापत्रावर बाळाच्या जन्माचा दाखला द्यायचा, काउंटरवर वाद घातला तर हे सांगा.

सुकन्या (मुलीच्या नावानं काढायचं सरकारी बचत खातं), पीपीएफ वगैरे काढा म्हणून काका लोक पहिल्या दिवसापासून मागे लागतात. सुकन्या वर्षाला 250 भरून चालू ठेवता येतं, तेवढंच करा. तिथे पैसे वर्षानुवर्षं अडकतात आणि खाड्याला अडकलेले पैसे चालत नाहीत. आधी खाड्याचं खातं, मग सुकन्या. सरकारची बालसंगोपन योजना आहे, एकल पालकाच्या मुलांनाही मिळते, जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात अर्ज करून टाका पण बजेटमध्ये धरू नका.

शाळा: अडीच-तीन वर्षांनी नर्सरी, फी वर्षाची एकदम मागतात, आत्तापासून आरडी लावा, दर महिन्याला थोडे थोडे. शाळेला मे महिन्याची सुट्टी असते, तुम्हाला नसते, म्हणजे परत खाडा.

मृत्युपत्र. तरुण आहात तरी करा. साध्या कागदावर, दोन साक्षीदार, नोंदणी सक्तीची नाही. बाळ कोणाकडे राहावं ते लिहा, पण बहिणीचं नाव घालायच्या आधी तिला आणि तिच्या नवऱ्याला विचारा. बाळाचे वडील हयात असतील तर ताब्याचं गणित वेगळं, तिथे वकिलाची फी वाचवू नका.