महाडीबीटीचा, म्हणजे सरकारी स्कॉलरशिपच्या वेबसाइटचा, फॉर्म भरायच्या आधी एवढं बघा
लातूर-नांदेडकडं पोरं आधी ॲडमिशनच्या मागं पळतात आन स्कॉलरशिपचं बघू नंतर म्हणतात, तिथंच घोळ होतो. पहिलं काम तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, सेतूत लवकर टाका, शेवटी लई गर्दी होते. एससीच्या पोस्ट मॅट्रिक (दहावीनंतरच्या) स्कॉलरशिपला घरचं उत्पन्न अडीच लाखाच्या आत लागतं, ओपनला राजर्षी शाहू महाराज योजनेत 8 लाखापर्यंत चालतं, पण व्यावसायिक कोर्सला ॲडमिशन कॅपमधूनच (सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतूनच) पाहिजे, मॅनेजमेंट कोट्यातून घेतली तर विसरा. ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसीतल्या पोरींना 2024-25 पासून व्यावसायिक कोर्सची ट्यूशन फी आन परीक्षा फी पूर्ण माफ हाय, तिथंपण 8 लाखाचीच अट.

पैसे अडकतात ते जास्त करून बँकेत. खात्याला आधार नुसतं जोडून भागत नाही, डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात यायला) सीडिंग लागतं, म्हणजे आधारवरचे पैसे याच खात्यात घ्यायची बँकेतली नोंद, आन पैसे ज्या बँकेत सीडिंग हाय तिकडंच जाणार, मग ते जुनं बंद पडलेलं खातं का असंना. आधारच्या साइटवर स्टेटस बघा, इनॅक्टिव्ह दिसलं तर शाखेत फॉर्म द्या.

सबमिट केलं म्हणजे झालं असं नाही, अर्ज कॉलेजच्या लॉगिनला पडून राहतो. क्लार्क "वरूनच आलं नाही" म्हणाला तर मोबाईलवर अर्ज कुणाच्या डेस्कला हाय ते उघडून समोर धरा. परत पाठवला असंल तर कारण वाचून दुरुस्त करा. भरलेल्या फीची पावती मागणं तुमचा हक्कच हाय, लाजू नका. हजेरी मात्र 75 टक्क्यांच्या वर ठेवा आन रिन्यूअल दरवर्षी तुम्हीच भरायचंय, कॉलेज आठवण करून देईल म्हणून बसू नका.