कूलंट कुठे जातंय? गाडीखाली पुठ्ठा सरकवा

जुन्या व्हॅनमध्ये दर आठवड्याला कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) भरावं लागतं, घाटात तापमानाचा काटा वर चढतो, पण गळती कुठे दिसत नाही? रेडिएटरवर खर्च करण्याआधी हे करा.

१. फेरी मारून आल्यावर, इंजिन गरम असतानाच खाली मोठा कोरडा पुठ्ठा सरकवा. बारीक गळती बऱ्याचदा दाबाखालीच टपकते. फेरीला निघण्याआधी, इंजिन थंड असतानाच, कूलंटच्या बाटलीवर पातळीची रेघ मार्करने ओढून ठेवा.

२. सकाळी पुठ्ठा बघा. रंगीत, बुळबुळीत डाग कूलंटचा असू शकतो. एसीचं पाणी साधं असतं. इंजिन सीटखाली असेल तर सीट उचला, डागाच्या वरच्या बाजूला टॉर्च मारा. आमच्या गाडीत एका होजच्या (रबरी नळीच्या) क्लिपाशी पांढरट-हिरवी खपली धरली होती. नवी क्लिप घातली, गळती थांबली.

३. पुठ्ठा कोरडा, तरी पातळी खाली? रेडिएटरच्या झाकणाचं रबर चिरलंय का पाहा. मग थंड इंजिन झाकण काढून सुरू करा. बुडबुडे थांबतच नसतील तर हेड गॅसकेटचा (इंजिनाच्या ब्लॉक आणि हेडमधल्या सीलचा) संशय घ्या आणि गाडी न चालवता मेकॅनिकला बोलवा.

गरम इंजिनाचं झाकण मात्र कधीही उघडू नका, उकळतं कूलंट थेट तोंडावर उडतं.