ड्रॉपरवरची रेघ आधी बघा

अमळनेरला माझं मेडिकल आहे. बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकीबाळींमुळे तान्ह्या बाळांना द्यायचे डी-थ्रीचे, म्हणजे ड जीवनसत्त्वाचे, थेंब बारा महिने खपतात. आणि एखादी आजी विचारतेच, "भाऊ, इतलं ऊन तपस, मंग हाई औषध कसाले?"

प्रश्न रास्त आहे. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४४-४५ ला टेकतो. पण कातडीत ड जीवनसत्त्व बनवणारे किरण सूर्य वर चढल्यावरच पुरेसे मिळतात, म्हणजे आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडते तेव्हा. सकाळी सातच्या कोवळ्या उन्हात, जिथे आपण तेल लावून बाळ शेकतो, ते फार थोडे असतात. खिडकीची काच तर ते अडवतेच. मग काय, बाराच्या उन्हात तान्हं बाळ अंगणात ठेवायचं? खान्देशात तरी नको. आईच्या दुधातही ड अगदी नावापुरतं असतं, आणि सव्वा महिना खोलीतच राहिलेल्या बाळंतिणीच्या अंगातही ते बहुतेक कमीच असतं.

म्हणून थेंब. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांपासून वर्षाचं होईपर्यंत रोज ४०० आययू (आययू म्हणजे जीवनसत्त्व मोजायचं एकक). दिवस भरायच्या आधी झालेल्या बाळाचा डोस वेगळा असू शकतो, तो डॉक्टरांनाच ठरवू द्या. बाळ डब्याच्या दुधावर असेल तर त्या दुधात ड घातलेलं असतं, तेव्हा तेही त्यांना सांगा.

आता बाटली हातात घ्या. "४०० आययू" एवढंच वाचून थांबू नका, ते किती एमएलमध्ये आहे ते वाचा. एका कंपनीचं १ एमएलमध्ये ४००, दुसरीचं १ एमएलमध्ये ८००, म्हणजे तिथे अर्धाच एमएल. काहींचा तर एकच थेंब पुरतो. हे मी चूक करून शिकलो. दुकान नवं होतं, चिठ्ठीतलं औषध संपलेलं, दुसऱ्या कंपनीचं दिलं आणि बोललो काहीच नाही. महिन्याने त्या ताई रिकामी बाटली घेऊन आल्या, "पहिल्यासारखाच भरून ड्रॉपर देते." रोज दुप्पट जात होतं. डॉक्टरांना दाखवलं, बाळ ठीक निघालं, पण ती रात्र मला झोप नव्हती. तेव्हापासून खोक्यावर पेनने लिहितो: "रोज अर्धा एमएल" किंवा "रोज एक एमएल". तुमच्या दुकानदाराकडूनही लिहून घ्या.

ड्रॉपर ज्या बाटलीचा, त्याच बाटलीला. मोठ्या भावाची उरलेली बाटली नको.

देताना बाळाचं डोकं थोडं उंच धरा आणि गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडा. घशात पिचकारी मारली तर ठसका लागतो. दुधाच्या बाटलीत मिसळू नका, कारण दूध उरलं की औषधही उरतं. वेळ कोणतीही चालते. अंघोळीनंतरची धरली तर विसरत नाही. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट नको.

एक मात्र मी चिठ्ठीशिवाय काउंटरवरून हलू देत नाही: ६०,००० आययूची पुडी किंवा छोटी बाटली. मोठी माणसं आठवड्याला घेतात, घरात पडलेली असते, आणि कुणीतरी "ताकद येईल" म्हणून बाळाला चाटवतं. हिशेब करा, बाळाचे १५० दिवसांचे डोस एकदम. ड जास्त झालं की रक्तात कॅल्शियम चढतं. बाळ उलट्या करतं, दूध ओढत नाही, मलूल पडतं, शी खडा होते, लघवी फार होते. असं दिसलं तर थेंब बंद आणि बाटलीसकट दवाखाना. कॅल्शियमच्या सिरपमध्येही बऱ्याचदा ड असतं, तेही मोजणीत धरा.

"आधी रक्त तपासू का?" असंही विचारतात. धडधाकट बाळाला त्याची गरज नसते. मनगटं जाड वाटली, टाळू फार दिवस मोकळी राहिली किंवा झटका आला, तर ड फार कमी पडलेलं असू शकतं; तेव्हा मात्र थेंबांच्या भरवशावर घरी बसू नका, डॉक्टरांना दाखवा. झटका आला तर त्याच घडीला रिक्षा करा.