डेल्टा जीच्या डोक्यावरचे वर्तुळ

पदवीच्या पहिल्या वर्षी ऊष्मागतिकीच्या ज्या प्रश्नात माझे सगळे गुण गेले, तो प्रश्न मुळीच अवघड नव्हता. डायनायट्रोजन टेट्रॉक्साइडचे नायट्रोजन डायऑक्साइडमध्ये विघटन होते आणि २९८ केल्विनला त्या अभिक्रियेचा डेल्टा जी नॉट, म्हणजे प्रमाण स्थितीतला गिब्स मुक्त ऊर्जेतला बदल, सुमारे अधिक ४.७ किलोज्यूल आहे, तर बंद भांड्यात शुद्ध टेट्रॉक्साइड भरल्यास काय होईल, एवढेच विचारले होते. चिन्ह धन असल्यामुळे विघटन होणारच नाही, असे मी ठामपणे लिहून आले. प्रत्यक्षात तो रंगहीन वायू तपकिरी होतो.

एन्थाल्पी, एन्ट्रॉपी आणि पहिला नियम तुम्हाला येत असतील असे मी धरून चालते. अडचण डेल्टा जीच्या डोक्यावर काढतात त्या छोट्या वर्तुळात, म्हणजे ‘नॉट’मध्ये आहे. डेल्टा जी नॉट म्हणजे प्रत्येक वायू १ बार दाबाला असताना येणारी किंमत, आणि तापमान ठरले की ती बदलत नाही. भांड्यातले मिश्रण या क्षणी कोणत्या दिशेला सरकेल, हे मात्र वर्तुळ नसलेला डेल्टा जी सांगतो. डेल्टा जी नॉटमध्ये आर (वायू स्थिरांक), टी (केल्विनमधले तापमान) आणि क्यूचा नैसर्गिक लॉग यांचा गुणाकार मिळवला की तो मिळतो; क्यू म्हणजे अभिक्रिया भागफल, इथे त्या क्षणीच्या डायऑक्साइडच्या दाबाचा वर्ग भागिले टेट्रॉक्साइडचा दाब. शुद्ध टेट्रॉक्साइड भरले त्या क्षणी क्यू शून्याला टेकलेला असतो, म्हणून लॉगची किंमत प्रचंड ऋण येते आणि बिचाऱ्या ४.७ चे तिथे काहीच चालत नाही. विघटन सुरू होते, क्यू वाढत जातो आणि तो सुमारे ०.१५ झाला की डेल्टा जी शून्य होतो. तोच समतोल, आणि ०.१५ हाच समतोल स्थिरांक. समतोलाला शून्य होतो तो डेल्टा जी. डेल्टा जी नॉट तेव्हाही ४.७ च असतो. हे वाक्य मला तीनदा वाचावे लागले होते, तेव्हा तुम्हालाही लागले तर घाबरू नका.

‘ऋण म्हणजे होते, धन म्हणजे होत नाही’ हा शिकवणीतला मंत्र पाठ करणाऱ्यांबद्दल माझे मत कडवट आहे. वेगाच्या बाबतीतही तो फसवतो, कारण हिऱ्याचे ग्रॅफाइट होण्याचा डेल्टा जी नॉट उणे २.९ किलोज्यूल असूनही हिरा आपल्या डोळ्यांदेखत कधी काळा पडत नाही. मला वाचवले ते एका वरिष्ठ विद्यार्थिनीने; क्यू किती आहे हे कागदावर लिहिल्याशिवाय ती पुढे बोलूच देत नसे, आणि त्या वेळी मला तिचा रागही येई.

एककांबाबत मात्र मी दयामाया दाखवणार नाही. अमोनियाच्या संश्लेषणात डेल्टा एच (एन्थाल्पीतला बदल) उणे ९२.२ किलोज्यूल असतो आणि डेल्टा एस (एन्ट्रॉपीतला बदल) उणे १९८.७ ज्यूल प्रति केल्विन. डेल्टा एचमधून टी गुणिले डेल्टा एस वजा करून २९८ केल्विनचा डेल्टा जी नॉट काढताना ज्यूलना हजाराने भागायला विसरलात, तर उणे ३३ किलोज्यूलच्या जागी पन्नास हजारांच्या पुढची धन संख्या येईल, आणि घाईत ती खरीही वाटेल.

सुरुवात याच टेट्रॉक्साइडपासून करा. क्यूची किंमत ०.०१, ०.१५ आणि १० धरून तीन वेळा डेल्टा जी काढला, तर अनुक्रमे सुमारे उणे ६.७, जवळजवळ शून्य आणि अधिक १०.४ किलोज्यूल अशी उत्तरे येतील. तिन्ही वेळा डेल्टा जी नॉटच्या जागी ४.७ च लिहिलेले असेल.