सॉफ्टवेअरला मराठी जोडताय? या चुका टाळा

प्रोग्राम तयार झाला की शेवटच्या आठवड्यात निरोप येतो, "आता फक्त मराठी टाकून द्या." सगळ्या चुकांचं मूळ या 'फक्त'मध्ये आहे.

पहिली चूक, वाक्याचे तुकडे जोडणं. नाव आणि त्यामागे 'डिलिटेड' एवढ्यावर इंग्रजीचं भागतं. मराठीत फाइल हटवली, फोल्डर हटवला, चित्र हटवलं. शहराच्या नावाला कोडमधून 'ला' चिकटवलात तर 'पुणेला', 'साताराला' असं काहीतरी छापून येतं. भाषांतर करणाऱ्याच्या हाती तुकडाच दिला, तर त्याने करायचं काय? मी प्रत्येक प्रकाराचं पूर्ण वाक्य वेगळं ठेवतो आणि नावाला प्रत्यय लागूच देत नाही: 'ठिकाण: पुणे'. स्ट्रिंग, म्हणजे स्क्रीनवर दिसणारी वाक्यं, वाढतात म्हणून नवशिके कुरकुरतात. वाढू द्या.

दुसरी चूक आकड्यांची, आणि ही महागात पडते. एका पतसंस्थेच्या वेब प्रोग्रामला मराठी जोडली होती. तिथल्या बाईंनी एका कर्जदाराचा फक्त मोबाइल नंबर बदलून माहिती सेव्ह केली आणि कर्जाची रक्कम कोरी झाली. प्रोग्रामर मंडळी डेटाबेस उसवत बसली. मी भाषा मराठी करून तोच फॉर्म उघडला, तर रक्कम १,२५,००० अशी देवनागरीत. जावास्क्रिप्टला मराठी लोकेल, म्हणजे भाषा आणि प्रदेशाची सेटिंग, दिलं की आकडे आपोआप देवनागरी होतात. सेव्ह करताना कोड स्वल्पविराम काढून तोच मजकूर पार्सफ्लोटला, म्हणजे मजकुराची संख्या करणाऱ्या फंक्शनला, देत होता. त्याला देवनागरी अंक कळत नाहीत. उत्तर आलं 'नॅन' (संख्या नाही), आणि माहिती पाठवायच्या जेसन स्वरूपात त्याचं झालं 'नल' (रिकामं). हिंदीत चाचणी केली होती म्हणे. हिंदी लोकेलमध्ये आकडे इंग्रजीच राहतात, मग सापडणार कसं? म्हणून रक्कम शेवटपर्यंत संख्या म्हणूनच ठेवा, सजवायची ती फक्त दाखवताना. सजवलेला मजकूर परत वाचू नका.

अनेकवचनासाठी 'एक असेल तर' एवढाच इफ लिहू नका. अरबीत सहा रूपं आहेत, जपानीत एकच. भाषांतरासाठी गेटटेक्स्ट ही साधनं वापरत असाल तर त्यातलं एनगेटटेक्स्ट फंक्शन त्यासाठीच आहे.

भाषांतर करूनही इंग्रजीच दिसतंय? गेटटेक्स्टची भाषांतरं ज्यात असतात त्या पीओ फाइलमध्ये 'फझी' (तपासायचं बाकी) खूण राहिली आहे का बघा. पीओ फाइलवरून प्रोग्रामला लागणारी फाइल बनवणारं एमएसजीएफएमटी अशी वाक्यं सोडून देतं. खूण काढायच्या आधी वाक्य वाचा, सरसकट उडवू नका.

बटणाची उंची पिक्सेलमध्ये बांधू नका, रफार आणि वेलांटी कापली जाते.

'ऑर्डर' म्हणजे मागणी की क्रम, हे भाषांतरकाराला टिपेत लिहून द्या. नुसती शब्दांची यादी यंत्रात टाकून आलेलं उत्तर चिकटवणाऱ्यांचं काम मी तपासायलाही घेत नाही. भाषांतर आलं की स्क्रीनसमोर मराठीत रोज काम करणाऱ्या माणसाला बसवा आणि खऱ्या नोंदी करायला सांगा, सेव्ह करून परत उघडण्यासकट.