मध्ययुगीन इंग्लिश लाकडी घराचं मॉडेल करताय? मग भिंती सगळ्यात शेवटी

आर्किटेक्चरच्या सबमिशनला हे घर मिळालं की बरीच पोरं मेन रोडवरून फोम बोर्ड आणतात, चार भिंती उभ्या करतात आणि वरून काळ्या पट्ट्या चिकटवतात. असं करू नका राव, या घरात भिंत वजन घेतच नाही, सगळा भार लाकडी सांगाड्यावर असतो.

नमुना म्हणून बेलीफ फार्महाऊस घ्या, मूळ केंटमधलं, सुरुवात १५व्या शतकातली, आता ससेक्सच्या वील्ड अँड डाउनलँड म्युझियममध्ये आहे. मधे थेट छपरापर्यंत उघडा हॉल, दोन्ही टोकांना दुमजली खोल्या आणि त्यांचा वरचा मजला पुढे आलेला. छप्पर मात्र सरळ एकच, त्यामुळे हॉलसमोर वळचण अधांतरी राहते आणि तिला बाजूने वाकड्या टेकूंचा आधार असतो, हे टेकू विसरू नका, सगळं रूप त्यातच आहे.

स्केल १:२० ठेवा. खांबांना १२ मिमीच्या चौकोनी काठ्या सुताराकडून कापून आणा. खांबाचं डोकं जाड ठेवायचं, कारण तिथे दोन्ही दिशांच्या तुळया येऊन बसतात, म्हणून झाडाचा बुंध्याकडचा भाग वर करून खांब लावायचे. सांधे खाचेचे करा आणि खुंटी मारा, खिळे नकोत. खरी गंमत अशी की कुसवातलं, म्हणजे खाचेत शिरणाऱ्या जिभेतलं, भोक मुद्दाम किंचित सरकवून पाडतात, खुंटी ठोकली की सांधा आपोआप आत ओढला जातो. आपल्याला अर्धा मिमी पुरे, बांबूची टूथपिक चालते, पण हळू ठोका. प्रत्येक भाग आडवा ठेवून जुळवा, सांध्यावर रोमन आकडे कोरा, मग सोडवून उभा करा, तिथले सुतारही अंगणात असंच करायचे.

आता भिंती. सुरगाणा-पेठकडची कुडाची भिंत बघितली असेल तर अर्धं काम झालं, तिकडे कारवी, इंग्लंडात हेझलच्या फांद्या, लिंपायला माती, शेण आणि पेंढा. मॉडेलात झाडूच्या काड्या विणून मातीचा पातळ लेप द्या, जाड दिला तर तडकतो.

हॉलमध्ये चिमणी दाखवू नका. चूल जमिनीवर मधोमध, धूर छपरातून बाहेर, म्हणून वरचे वासे तेवढे काजळीने काळे करा. खिडक्यांना काच नाही, नुसते उभे लाकडी गज आणि आतून झडपा. बाहेरचं लाकूड राखाडीच ठेवा, ते काळं-पांढरं रूप बरंचसं व्हिक्टोरियन काळातलं आहे, ज्युरीत परीक्षकांनी विचारलं तर बिनधास्त सांगा.