पद्मिनीच्या मागच्या लाइटची काच न तडकवता कशी काढाल?

कुर्ल्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी मोटार अजून सांभाळणाऱ्यांसाठी ही टीप. मागच्या लाइटची लाल काच प्लास्टिकची असते. जुनी झाली की ती ठिसूळ होते आणि स्क्रूच्या भोकापाशीच तडकते. म्हणून घाई नको.

आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. स्क्रूच्या खाचेतली माती आणि रंग टाचणीने खरवडून साफ करा. मग डब्ल्यूडी-४० सारखं गंज सोडवणारं तेल काडीच्या टोकाने थेंबभरच सोडा, काचेवर ओघळलं तर लगेच पुसा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी खाचेत घट्ट बसणारा स्क्रू ड्रायव्हर घ्या. आधी किंचित आवळायच्या दिशेने, मग सोडायच्या दिशेने, असं मागेपुढे करत राहा. करकर आवाज आला की गंज सुटला समजा. स्क्रूवर हातोडी मात्र मारू नका.

स्क्रू निघूनही काच हलत नाही, कारण आतलं रबर चिकटलेलं असतं. इथे बरेच जण स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटतात आणि काच हातात तुकड्यांनी येते. हेअर ड्रायरने कडेकडेने कोमट करा, फार तापवू नका. मग मासेमारीची तंगूस (नायलॉनचा बारीक दोरा) काचेमागे सरकवून करवतीसारखी ओढा. रबर कापलं जातं, काच शाबूत राहते.

पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर काचेजवळसुद्धा नेऊ नका, बारीक जाळीदार तडे जातात. बसवताना नवं रबर, स्टेनलेसचे स्क्रू आणि आट्यांना थोडं ग्रीस. आवळा फक्त बोटांच्या जोराने.